पेन्शनरची फेरी

माझा आवाज तुम्ही घालवलात. डॉक्टरांनी नाही. डॉक्टरांनी घसा कापला, तो मी सही करून कापून घेतला. त्यात गाठ होती आणि ती मला घेऊन जाणार होती. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घसा कापायच्या आधी मी माझा आवाज काढून तुमच्या ताब्यात दिला होता, आंघोळीला जाताना माणूस घड्याळ काढून कुणाच्या तरी हातात देतो तसा. परत मागायला आलो तर तुम्ही माझ्या हातावर एका म्हातारीचा आवाज ठेवलात. आणि वर म्हणता, मशीन क्लीन दाखवतंय.

तुम्ही म्हणजे नेमके कोण, हे मला अजून नीट कळलेलं नाही. इस्पितळात ज्याला विचारावं तो वर बोट दाखवतो. अगदी वरच्या मजल्यावर गेलो तर तिथला माणूसही वरच बोट दाखवतो, आणि त्याच्या वर फक्त गच्ची आहे आणि पाण्याची टाकी. म्हणून 'तुम्ही' म्हणून लिहितोय. ज्याचं असेल त्यानं अंगाला लावून घ्यावं.

मी गाडी शिकवतो. लोक मला मास्तर म्हणतात. गाडी शिकवणं हे हातापायाचं काम आहे असं सगळ्यांना वाटतं, पण ते तोंडाचं काम आहे. शिकणारा घाबरलेला असतो, समोरून ट्रक येत असतो, आणि त्या घटकेला शेजारच्या सीटवरून जो आवाज येतो त्यावर त्याचा पाय कुठे पडणार ते ठरतं. शेजारचा ओरडला की पाय दाबला जातो, आणि तो हमखास चुकीच्या पेडलवर. म्हणून मी सगळी उमर एकाच पट्टीत बोललो. गाडी भिंतीला लागायची वेळ आली तरी "आता ब्रेक घ्या, सावकाश," असं, शेजाऱ्याकडे पेपर मागावा तसं म्हणायचो. बायको म्हणायची, "एवढ्या गोडीनं घरी बोलला असतात तर माझे केस इतके पिकले नसते." मी म्हणायचो, "तू कुठे भिंतीवर गाडी घालतेस?"

आमची मुलगी ढमी. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी. आता काडीसारखी आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिला गाडी शिकायची होती आणि मी ढकलत आलो होतो. शिंप्याच्या पोराची विजार फाटकी, तशातली गत. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, त्यानंतर बोलणं नाही. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? मरण नाही, पैसा नाही. ढमीची गाडी राहिली, हे आलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं की मागच्या अंगाला आवाजाची खोली आहे, तिथे जा.

धुलाईखान्याला लागून एक खोली. भिंतींना जाड फेस मारलेला, मधे माईक, एक खुर्ची, कोपऱ्यात संगणक. ज्याचा घसा जाणार त्यानं आधी तिथे बसून वाक्यं बोलून ठेवायची. ऑपरेशननंतर खिशात मावेल असं एक यंत्र मिळतं, बटण दाबलं की तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात बाहेर पडतं. ही कल्पना चांगली आहे. ज्याला सुचली तो भला माणूस असणार, म्हणजे तुमच्यातला नसणार.

तिथे आवाज भरून घेणारी एक बाई आहे, वयानं ढमीपेक्षा थोडीच मोठी, पण सगळेच तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्या सकाळी गेलो तर ती खोलीच्या बाहेर बाकावर चहा घेत बसली होती.

"बसा मास्तर," ती म्हणाली. "पेन्शनर फेरीला गेलाय."

मला वाटलं तिच्या आधीचा कुणी कर्मचारी असेल. मग तिनं दार उघडून संगणक दाखवला. काळ्या पडद्यावर एक रेघ, तिच्यापुढे टक्के, ते गोगलगायीसारखे सरकत होते. त्या संगणकावर लिनक्स आहे, म्हणजे त्याला चालवणारी प्रणाली. ताई म्हणाली, हा जुना गडी आहे, कटकट करत नाही, पण ठराविक वेळा चालू-बंद झाला की पुढच्या सकाळी उठल्याबरोबर आधी स्वतःच्या घरात फेरी मारतो. कुठली फाइल कुठे ठेवली, जी जागा रिकामी म्हणून मांडलीय ती खरंच रिकामी आहे का, एकाच जागेवर दोघांना तर बसवलं नाही ना, एकेक दार वाजवून बघतो. फेरी पुरी झाल्याशिवाय कामाला हात लावत नाही.

"आणि घाईत असलो आपण, तर?"

"तर पेन्शनर तो पेन्शनर. त्याला कुठे गाडी पकडायचीय? चहा घ्या."

मी बसलो. रागबिग आला नाही मला. कारण मीही तेच करत आलो. माझ्याकडे शिकायला आलेल्या माणसानं गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती फिरलंच पाहिजे: चारी चाकं, खाली तेल सांडलंय का, आरसे, दिवे, आणि आत बसल्यावर ब्रेक पायानं दाबून. लोक कंटाळायचे. "मास्तर, गाडी कालचीच आहे." मी म्हणायचो, "तुझ्या माघारी ती कुठे कुठे जाऊन आली, तुला सांगून गेली होती का?"

तर पेन्शनर फेरीवरून आला आणि आम्ही कामाला लागलो. पुढे मी कितीतरी सकाळी त्या खोलीत गेलो. घसा दुखायचा. थोडं बोललं की पाणी, पाणी झालं की खोकला, खोकला झाला की ताई म्हणायची, "परत घेऊ." घरातली वाक्यं आधी भरली: चहा हवाय, दार लाव, मी ठीक आहे, औषध घेतलं, कटकट करू नकोस. मग गाडीची. ती मी यादीतून वाचली नाही, डोळे मिटून, ढमी शेजारी बसलीय असं धरून बोललो. क्लच पूर्ण दाब. आता हळू सोड. आरसा बघ, इंडिकेटर दे आणि मग लेन बदल. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे, त्याला आईनं लवकर उठवलं असेल. घाबरू नको, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. ताई काचेपलीकडून हसायची.

एकदा माईकमधे बोलता बोलता सगळं काळंठिक्कर झालं. जनरेटरची चाचणी. तुमच्याकडे दर आठवड्याला जनरेटरची चाचणी होते, त्यासाठी वीज घालवतात, आणि ती जाणार हे आवाजाच्या खोलीला कुणी सांगत नाही. बॅटरी होती, पण ती फुगून पोटुशी दिसायला लागली होती. नवी मागितली होती ताईनं. मागितली होती म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. वीज अशी मधेच गेली म्हणजे आज पेन्शनर लांबच्या फेरीला जाणार, हे मलाही कळायला लागलं होतं. सोबत वर्तमानपत्र नेलं. आणि संगणक फटकन चालू झाला. एक ओळ चमकली, तिच्यात 'क्लीन' असा शब्द, आणि लगेच कामाचा पडदा.

"हे काय?" मी म्हणालो. "आज फेरी नाही?"

ताई पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं वर फोन लावला. बराच वेळ 'हो, हो, पण' चाललं होतं. फोन ठेवून ती म्हणाली, "वरून बंद केलीय. सगळ्या खोल्यांची."

"का?"

"कुठली खोली सकाळी किती लवकर तयार होते याचा तक्ता लागतो म्हणे वर. आपली खोली लाल यायची. आता हिरवी येईल."

"पण काल वीज गेली. बघायला नको?"

"मीही तेच म्हटलं. म्हणाले, क्लीन दाखवतंय ना, मग झालं."

ताईनं मला नंतर समजावलं. तो 'क्लीन' म्हणजे बघून दिलेला दाखला नसतो. काल घाईत अर्धवट राहिलेली नोंद त्यानं पुरी केली आणि म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे ठीक आहे. घर फिरून बघितलेलं नसतं. माझ्याकडे येणारी कॉलेजची पोरं असंच करायची. "ब्रेक बघितला का?" "बघितला." "पाय तर बाहेर आहे तुझा." "कालचा बघितला होता, मास्तर."

मी ताईला म्हणालो, माझं भरलेलं मला आजच देऊन टाक, पोरीच्या फोनमधे ठेवतो. तर नाही. ऑपरेशननंतर यंत्रासोबतच द्यायचं, त्याआधी अर्धवट बाहेर सोडायचं नाही, असा तुमचाच नियम. मुख्य केंद्राच्या संगणकावर रोज नक्कल जाते, काळजी नको, असंही तुमचंच. ती जायचीही. बिघडलं त्या दिवसापासून चांगल्या नकलेच्या जागी बिघडलेल्याची नक्कल जायला लागली, एवढंच.

ऑपरेशन झालं. त्याबद्दल लिहीत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना जेवण जाणार नाही. मानेला भोक आहे, त्यातून श्वास घेतो, वर कापड बांधतो. हसलो तर नुसती हवा फुसफुसते. बायको पहिल्या आठवड्यात प्रत्येक फुसफुशीला दचकायची, आता म्हणते, "कुकर झालाय आमच्या घरात." मी लहान मुलांची पाटी घेतली आणि तिच्यावर लिहायला लागलो. दिवस लांबलचक झाले. बोलता येत नाही म्हणजे गप्प बसणं नव्हे, ते रांगेत उभं राहणं आहे. समोरचे बोलून संपतात, तोवर तुमची पाटी लिहून होते, आणि विषय गेलेला असतो.

मग यंत्र मिळालं. त्या दिवशी मी नवा शर्ट घातला होता, हसायचं तर हसा.

घरात बटण दाबलं. "मी ठीक आहे." माझा आवाज. बायको खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "परत दाबा." परत दाबलं. "चहा हवाय." ती म्हणाली, "हे मात्र काही विसरले नाहीत." आणि उठून चहा ठेवायला गेली. तेवढ्या एका सकाळपुरतं मला वाटलं, जमलं.

ढमी म्हणाली, "बाबा, चला मैदानावर."

मैदान रिकामं होतं. ती गाडीभोवती फिरली, चाकं बघितली, आत बसून ब्रेक दाबला. मी शेजारी बसलो, यंत्र मांडीवर. क्लच पूर्ण दाब. दाबला. आता हळू सोड. सोडला. गाडी निघाली. मी पुढचं बटण दाबलं.

"आरसा बघ, इंडिकेटर दे आणि काजं उद्या करू."

पहिलं अर्धं मी. पुढचं अर्धं कुणी म्हातारी, घोगरी, दातात टाचणी धरून बोलल्यासारखी.

ढमीनं दचकून क्लच सोडला, गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, लेन बदलायची का काजं करायची?"

मी हसलो, म्हणजे फुसफुसलो, आणि तीही हसली. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मी पुढचं बटण दाबलं. "घाबरू नको, माझ्या पायाखाली बॉबिन गुंडाळून ठेव." त्याच्या पुढचं. नुसती खरखर. त्याच्या पुढचं पूर्ण म्हातारीचं: "अस्तर लागेल, सांगून ठेवते." त्याच्या पुढचं. ढमीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बास, बाबा." मी थांबलो नाही. गाडीचं प्रत्येक बटण दाबून बघितलं. पहिली दोन सोडली तर एकही धड नव्हतं. चहा मागायला माझा आवाज शिल्लक होता. पोरीला शिकवायला नव्हता.

घरी बायकोनं ऐकलं. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही कोण बया आणलीत घरात?" मग तिनं माझा चेहरा बघितला, आणि संध्याकाळभर घरात कुणी काही बोललं नाही. मला तर सवयच होती.

बायकोला घेऊन ताईकडे गेलो. तिनं दोन बटणं ऐकली आणि तिचा चेहरा उतरला. "हा शिवणवाल्या आजींचा आवाज आहे," ती म्हणाली. "तुमच्यानंतर त्यांचा भरायला घेतला. त्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय."

मग तिनं जे केलं त्यासाठी तुम्ही तिला खुलासा मागणारा कागद दिलात, म्हणून ते नीट सांगतो. तिनं दाराला 'खोली बंद' लावलं आणि संगणक वेगळ्या तऱ्हेनं चालू करून फेरी हातानं सुरू केली. मी, बायको आणि ती, संगणकासमोर. या वेळी रेघ गुपचूप सरकली नाही. मशीन थांबून थांबून विचारायला लागलं. ही जागा रिकामी मांडलीय पण रिकामी नाही, दुरुस्त करू? हो. या जागेवर दोघांचा हक्क आहे, वेगळे करू? हो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. ताई बटण दाबत होती आणि प्रत्येक वेळी थोडी जास्त वाकत होती.

"म्हणजे झालं काय?" बायकोनं विचारलं. "साध्या भाषेत सांग गं."

"मास्तर जिथे बसले होते ती खुर्ची मशीनला रिकामी दिसत होती," ताई म्हणाली. "आजी आल्या, मशीननं त्यांना तिथेच बसवलं. मांडीवर."

"आणि फेरी चालू असती तर?"

ताईनं पुढचं बटण दाबलं. तिची नोकरी आहे. उत्तर मी देतो: फेरी चालू असती तर आजी यायच्या आधीच खुर्चीत माणूस आहे हे दिसलं असतं. एक सकाळ गेली असती. चहा झाला असता.

दुपार उतरली तेव्हा फेरी संपली. म्हातारीचा आवाज जिथे माझ्यावर बसला तिथलं माझं कायमचं गेलं, ते ब्रह्मदेवाच्या बापालाही आणता येणार नाही. पण मशीनला काही तुकडे सापडले होते, ज्यांना नावही नाही आणि घरही नाही. असे तुकडे ते एका वेगळ्या कप्प्यात टाकतं, नावाच्या जागी नुसते आकडे. आम्ही एकेक लावून ऐकले. माझा खोकला. परत खोकला. "पाणी मिळेल का?" खुर्ची सरकल्याचा आवाज. "धुलाईखान्यात आज काय पाडकाम चाललंय?" आणि एक, बऱ्यापैकी स्वच्छ: "चुकलं. काही हरकत नाही, परत घेऊ."

"हे तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायचात," ताई म्हणाली. "मीच कापून बाजूला टाकलेलं."

तेवढं आम्ही यंत्रात भरून घेतलं. ढमी आता मैदानावर शिकते. मी डॅशबोर्डवर बोटानं ठोकतो: एकदा ब्रेक, दोनदा क्लच, तळहात म्हणजे थांब. गाडी बंद पडली की ते एक बटण दाबतो, "चुकलं. काही हरकत नाही, परत घेऊ," आणि ती परत घेते. छान झालं की मग, असं कुणी म्हणू नका. सगळ्या उमरीच्या बोलण्यातून कचऱ्यातलं एक वाक्य हाताला लागलं, त्याला छान म्हणत नाहीत.

शिवणवाल्या आजींनाही ताईनं बोलावून घेतलं, कारण त्यांच्या वाक्यांतही मी घुसलो होतो. बारीक चणीच्या, मान ताठ, गळ्यावर रुमाल. आवाज आधीच अर्धा गेलेला. त्यांनी स्वतःचं एक वाक्य ऐकलं: "सूनबाई, जरा माझा क्लच पूर्ण दाब."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "सून आधीच म्हणते, सासूचं डोकं फिरलंय. आता तिच्या हातात पुरावाच."

बायको हसली. आजी माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच का ते? आवाज चांगला होता हो तुमचा. आणि माझा तुमच्या गळ्यात शोभत नाही म्हणे."

मी पाटीवर लिहिलं: पोरगी म्हणाली, काजं करायची का?

त्यांनी पाटी लांब धरून वाचली. "मग काय म्हणालात?" आणि लगेच कपाळावर हात मारला. "मी तरी काय विचारतेय." मग त्या ताईला म्हणाल्या, "सगळं परत बोलायचं? बाई, मला पाव वाटीच आवाज उरलाय. त्यात पुरवून पुरवून भरलं होतं मी."

"परत घ्यावंच लागेल, आजी."

"घेऊ. पण या खेपेला मशीन मला कुणाच्या मांडीवर बसवणार नाही, हे कोण सांगणार?"

ते ताईला सांगता येत नव्हतं. कारण त्या हातानं मारलेल्या फेरीनंतर दुसऱ्याच सकाळी नेहमीची फेरी पुन्हा बंदच ठेवलेली होती. वरून. आणि ताईच्या हातात कागद: परवानगीशिवाय दिवसभर खोली बंद ठेवली, तक्त्यात लाल आली, खुलासा द्या.

म्हणून मी आणि बायको वर गेलो. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत एक साहेब बसतो, वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढा, वागायला वाईट नाही, पाणी विचारलं त्यानं. मी पाटी पुढे केली. त्यानं वाचली आणि संगणकात बघून म्हणाला, "पण तुमच्या खोलीचं मशीन क्लीन दाखवतंय, काका."

बायको म्हणाली, "जेवायच्या आधी हात धुता का साहेब, का हातच तुम्हाला क्लीन दाखवतात?"

"मावशी, तसं नाही. लोकच तक्रार करतात, सकाळी थांबावं लागतं म्हणून. थांबायचा वेळ कमी करायचं धोरण आहे."

"हे आता मरेपर्यंत थांबणार आहेत बोलायचे. तो वेळ कुठल्या तक्त्यात येतो?"

साहेबानं पेन खाली ठेवलं. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, पण त्याचा उपयोग काय. "काकांना तयार आवाज देता येईल," तो म्हणाला. "यंत्रातच येतात. पुरुषी, तीन प्रकारचे. एक तर बातम्या देणाऱ्यासारखा आहे, छान."

मी पाटी पुसली आणि लिहिलं: फेरी परत चालू करा. आजी यायच्या आत.

"ते माझ्या हातात नाही."

मी लिहिलं: कुणाच्या?

त्यानं वर बोट दाखवलं.

जिने उतरताना बायको मधल्या एका पायरीवर बसली. गुडघे दुखतात तिचे, आणि या सगळ्या काळात तिच्या गुडघ्यांकडे कुणी बघितलेलं नाही, मीही नाही. ती म्हणाली, "सोडून द्या आता. आपलं जे जायचं ते गेलं." मी तिच्या शेजारी बसलो. तिचं खरं होतं. मला माझा आवाज परत मिळणार नाही, नुकसानभरपाई मी मागितलेली नाही, बातम्यावाल्याचा आवाज तुम्हीच ठेवून घ्या. माणसं वर-खाली जात होती, आम्हाला वळसा घालून. मी इतका दमलो होतो की पाटीवर 'चल' लिहायचाही कंटाळा आला.

पण आजींचं अजून गेलेलं नाही. येत्या सोमवारी त्या उरलेला पाव वाटी आवाज घेऊन त्या खोलीत येतील, आणि गुरुवारी त्यांचा घसा कापला जाईल. त्या दोन दिवसांच्या मधे जे भरलं जाईल तेवढंच त्यांचं, तिसरी खेप नाही. ताईला कागद मिळालाय, ती हात लावू शकत नाही. तोवर जनरेटरची आणखी एक चाचणी झालेली असेल. मशीन सोमवारी सकाळी उठेल, न बघता क्लीन म्हणेल, आणि आजींना रिकाम्या दिसणाऱ्या कुठल्याही खुर्चीत बसवेल. तिथे कोण बसलंय, हे त्यालाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही.

म्हणून एकच विचारतो, आणि वर बोट दाखवू नका, तिथे टाकी आहे. सोमवारी सकाळी, आजी माईकसमोर बसायच्या आधी, ती तपासणी तुम्ही होऊ देणार आहात का? हो किंवा नाही. आणि नाही असेल तर ते त्यांना तोंडानं सांगायला खाली कोण येणार, त्याचं नाव कळवा.